नोंदींचे नाते जोडणारा गणिती

बँकेच्या मदत केंद्राला दूरध्वनी केला की पलीकडच्या कर्मचाऱ्यासमोर खातेदाराचे नाव, त्याची खाती आणि जुन्या तक्रारी क्षणार्धात उमटतात. संगणकाच्या भाषेत खातेदार ही ‘पालक’ नोंद, तर तक्रारी ही तिची ‘अपत्ये’. या नात्याचा आज कोणत्याही बाजूने शोध घेता येतो, याचे श्रेय प्रामुख्याने एडगर फ्रँक कॉड यांचे.

इंग्लंडमधील पोर्टलंड येथे १९ ऑगस्ट १९२३ रोजी जन्मलेले कॉड ऑक्सफर्डमध्ये गणित व रसायनशास्त्र शिकले. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात वैमानिक होते. १९४८ मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि ‘आयबीएम’मध्ये रुजू झाले. सिनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेमुळे संतापून १९५३ मध्ये त्यांनी अमेरिका सोडून कॅनडा गाठले. काही वर्षांनी ते परतले. १९६५ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ते कॅलिफोर्नियातील सॅन होजे प्रयोगशाळेत दाखल झाले.

त्या काळी ‘आयबीएम’ची ‘आयएमएस’ ही प्रणाली जोरात होती. चांद्रमोहिमेच्या अग्निबाणाच्या सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी ती जन्मली. तिच्यात नोंदी वंशवृक्षासारख्या रचलेल्या असत. अपत्यापर्यंत पोहोचायचे तर पालकाच्या दारातूनच जावे लागे. यंत्राच्या सुट्या भागांसाठी हे ठीक; पण संयुक्त खात्याला दोन पालक असतात, त्याचे काय? नोंद दोनदा ठेवा, नाहीतर आडवाटेने जोडा! शिवाय रचना बदलली की प्रोग्रॅमही बदलावे लागत.

जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कॉड यांनी सुचवलेला उपाय आश्चर्यकारकरीत्या साधा होता. सर्व माहिती तक्त्यांत ठेवायची आणि तक्रारीच्या ओळीत खातेदाराचा क्रमांक लिहायचा. नाते त्या क्रमांकातच सामावलेले. वाट शोधण्याचे काम यंत्राचे.

त्यांच्याच कंपनीला मात्र ही कल्पना अडचणीची वाटली. ‘आयएमएस’वर चांगला महसूल मिळत असताना तिच्या प्रतिस्पर्ध्याला घरात कोण वाढवणार? कॉड यांनी ग्राहकांपुढे बाजू मांडली, १९७४ मध्ये चार्ल्स बाकमन यांच्याशी जाहीर वादही घातला. अखेर प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला, त्यातून ‘एसक्यूएल’ ही भाषा आली. पण १९७९ मध्ये बाजारात आधी पोहोचली ती पुढे ‘ओरॅकल’ झालेली छोटी कंपनी. ‘एसक्यूएल’वरही कॉड खूष नव्हते. एकच ओळ दोनदा येऊ देणारी भाषा त्यांच्यातल्या गणितज्ञाला मानवणारी नव्हती.

१९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले. ‘आयएमएस’ मात्र अजून निवृत्त झालेली नाही. काही मोठ्या बँकांचे व्यवहार आजही तिच्यावर चालतात.