होळकरांची सून

१३ ऑगस्टला अहिल्याबाई होळकरांची पुण्यतिथी असते. जयंती ३१ मेला येते, पण तेव्हा शाळेला सुट्टी. म्हणून ही माहिती आत्ता लावली आहे. आपल्या सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ पासून त्यांचंच नाव आहे. त्या राणी होत्या, त्यांनी देवळं बांधली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्यांनी घर कसं सांभाळलं ते फारसं कुणी सांगत नाही. मी तेच लिहिणार आहे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात सीना नदीवर आहे. तीच सीना पुढे आपल्या जिल्ह्यात येते. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. सुभेदार मल्हारराव होळकरांनी या मुलीला चौंडीच्या देवळात पाहिलं आणि सून करून घेतलं, असं सांगतात. १७३३ साली खंडेरावांशी लग्न झालं तेव्हा त्या ८ वर्षांच्या होत्या. आपल्या तिसरीतल्या मुलीएवढ्या!

सासर लांब माळव्यात, इंदूरकडे. सासूबाई गौतमाबाई घरात कडक शिस्तीच्या, पण त्यांनी सुनेला हाताशी धरून सगळं शिकवलं. मालेराव आणि मुक्ताबाई अशी दोन मुलं झाली.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई तेव्हा २८ वर्षांच्या होत्या. त्या काळी नवऱ्याच्या चितेवर बायकोनं जळून जायची वाईट चाल होती. तिला सती जाणं म्हणत. अहिल्याबाई निघाल्या. तेव्हा म्हातारे मल्हारराव रडत आडवे आले. एकुलता एक मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, तूही गेलीस तर आम्ही कुणाकडं बघायचं, असं त्यांनी विनवलं. सुनेनं सासऱ्याचा शब्द राखला आणि ती मागं राहिली.

मग मल्हाररावांनी सुनेला खरंच मुलासारखं कामाला लावलं. ते लढाईवर असले की हिशेब, वसुली, फौजेची रसद हे सगळं ह्या बघायच्या. तोफखान्याची सोय करायला सांगणारी सासऱ्याची सुनेला पत्रं आहेत. घरातल्या बाईला तोफांचं विचारणारा सासरा त्या काळी किती जणींना मिळाला असेल?

१७६६ साली मल्हारराव वारले. पुढच्याच वर्षी मालेराव गेले. घरात कर्ता पुरुष उरला नाही. हे बघून राघोबादादा पेशवे फौज घेऊन इंदूरवर आले. बाई लढायला तयार झाल्या. बाईमाणसाशी हरलात तर तोंड कुठं लपवाल, असा निरोप त्यांनी धाडला म्हणतात. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी बाईंचीच बाजू घेतली आणि राघोबादादा न लढता परत फिरले. त्यानंतर फौज तुकोजी होळकर बघत आणि राज्याचा कारभार अहिल्याबाई.

त्यांनी नर्मदेकाठी महेश्वरला राजधानी केली. तिथं विणकर आणून वसवले. महेश्वरी लुगडी तेव्हापासून नावाजली. आपल्या सोलापुरात घरोघरी माग चालायचे, त्यामुळं ही गोष्ट मला फार आवडली.

त्यांचा दिवस कसा जायचा तेही कळतं. माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुढं बाईंना पाहिलेल्या माणसांना विचारून ते लिहून ठेवलं. सूर्य उगवायच्या आधी घटकाभर उठायचं. पूजा, पोथी, दानधर्म. गोरगरिबांना वाढून मग स्वतः साधं जेवायचं. दुपारी दोनच्या सुमारास दरबारात बसायचं ते संध्याकाळपर्यंत. कुणीही रयत तक्रार घेऊन यावी, बाई स्वतः ऐकत. पुन्हा पूजा, थोडा फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत परत काम. असं जवळजवळ ३० वर्षं! आमच्या आजीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली की बाईचा दिवस असाच असतो.

काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनी १७८० साली नव्यानं बांधलं. गयेला, सोमनाथाला, वेरुळला बांधलं. घाट, विहिरी, धर्मशाळा तर पुष्कळ. हा पैसा मुख्यतः खासगीचा होता. खासगी म्हणजे होळकरांच्या घरच्या बायकांच्या वाट्याची जहागीर. ती गौतमाबाईंकडून सुनेकडं आली होती. सासूनं जपलेलं सुनेनं असं खर्च केलं.

आता राहिली मुक्ताबाई. तिचा मुलगा तरुणपणीच वारला. १७९१ साली तिचे यजमान यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाई सती जायला निघाली. अहिल्याबाईंनी तिला परोपरीनं विनवलं. सासऱ्यानं त्यांना अडवलं होतं तसंच त्या मुलीला अडवत होत्या. पण मुक्ताबाई म्हणाली की तू आता म्हातारी झालीस, तू गेल्यावर मी कुणासाठी राहू? आईपाशी याला उत्तर नव्हतं. त्या चितेपर्यंत सोबत गेल्या. दोघांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. नंतर त्यांनी नर्मदेत स्नान केलं आणि तीन दिवस अन्न घेतलं नाही, की कुणाशी बोलल्या नाहीत. (ही चाल १८२९ साली बंगालपासून कायद्यानं बंद व्हायला लागली.) आजीनं एवढा भाग मला दुसऱ्यांदा वाचू दिला नाही.

त्यानंतरही त्यांनी चार वर्षं कारभार पाहिला. १३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरला त्या वारल्या. वय ७० होतं.

पंढरपूरला त्यांनी बांधलेला होळकर वाडा आहे, आत रामाचं मंदिर आहे. वारीला जाणाऱ्या पालकांनी मुलांना तो जरूर दाखवावा. आम्ही यंदा कार्तिकीला जाणार आहोत.