रानहंसांचा राखणदार : पीटर स्कॉट

दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली कॅप्टन रॉबर्ट स्कॉट बर्फात मरण पावले, तेव्हा त्यांचा मुलगा पीटर अवघा अडीच वर्षांचा होता. पत्नीला लिहिलेल्या अखेरच्या पत्रात त्यांनी मुलाला निसर्गाची गोडी लावण्यास सुचविले होते. पित्याची ही इच्छा पीटरने पुरी केली खरी. पण त्याची सुरुवात झाली ती मात्र बंदुकीने!

केंब्रिजला शिकत असताना पीटर स्कॉट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ‘वॉश’ उपसागराच्या खाजणात शिकारीला जाऊ लागले. शरद ऋतूत आइसलंड-ग्रीनलंडकडून गुलाबी पायांचे रानहंस तेथे उतरतात. रात्री ते वाळूच्या दांड्यांवर विसावतात आणि पहाटे खाजण ओलांडून शेतांत चरायला जातात. त्यांना गाठायचे तर अंधारातच चिखलाच्या चरात दबा धरून बसावे लागे. वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ, थव्याची उंची, दुरून येणारा आवाज या साऱ्यांचा अंदाज घ्यावा लागे. शिकाऱ्याची ही विद्याच पुढे निरीक्षकाच्या उपयोगी पडली.

१९३३ ते १९३९ या काळात ते नेन नदीच्या मुखाशी एका जुन्या दीपगृहात राहिले. उडत्या हंसांची त्यांची चित्रे तेथे आकाराला आली. मात्र जखमी पक्ष्यांच्या यातना त्यांना अस्वस्थ करू लागल्या होत्या. महायुद्धात नौदलात कामगिरी बजावून परतल्यावर त्यांनी हळूहळू शिकार कायमची सोडली.

डिसेंबर १९४५ मध्ये सेव्हर्न नदीच्या खाडीकाठी स्लिमब्रिज येथे पांढऱ्या कपाळाच्या हंसांच्या मोठ्या मेळाव्यात त्यांना त्याच कुळातली दुर्मिळ, लहान जात दिसली. पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे पाणपक्ष्यांसाठी संस्था स्थापन केली. हवाई बेटांतील नेने हंस त्या सुमारास तीसच्या आसपास उरले होते. १९५० मध्ये जोडी म्हणून दोन पक्षी स्लिमब्रिजला आणले, तर दोघांनीही अंडी घातली! तेव्हा घाईने एक नर मागवावा लागला. त्यांची प्रजा वाढली आणि १९६२ मध्ये काही पक्षी हवाईला परत सोडण्यात आले.

१९६४ पासून, सायबेरियाहून येणाऱ्या बेविक हंसांच्या चोचींवरील पिवळ्या-काळ्या नक्षीवरून स्कॉट एकेक पक्षी ओळखू लागले. ज्या थव्यात पूर्वी नेम धरायचा, त्यातल्या प्रत्येकाला आता नाव मिळाले होते.

जागतिक वन्यजीव निधीच्या संस्थापकांपैकी ते एक. तिचे पांडाचे चिन्हही त्यांनीच रेखाटले. पाणथळ जागांसाठी १९७१ मध्ये झालेल्या रामसर कराराच्या घडणीत स्लिमब्रिजच्या शास्त्रज्ञांचाही वाटा होता. १९८९ साली स्कॉट निवर्तले. त्याच कराराच्या यादीत २०२२ मध्ये आपली ठाण्याची खाडी दाखल झाली. तिथल्या चिखलात रोहित पक्षी उतरतात, तेव्हा तो चिखल म्हणजे भराव टाकण्याजोगी पडीक जागा नव्हे, हे आपणही ओळखायला हवे.