मला आवडलेले शास्त्रज्ञ : जॉन डाल्टन

मी इयत्ता चौथीत शिकतो. मागच्या वर्षी चित्रकलेच्या तासाला मी आंब्याचे झाड काढले आणि पाने तपकिरी रंगवली. सगळी मुले हसली. मला वाटत होते की मी हिरवाच खडू घेतलाय. शेतात लाल मिरच्या तोडायला गेलो की माझ्या पाटीत हिरव्या पण यायच्या. आई रागवायची. तिला वाटायचं मी मुद्दाम करतो. आजी मात्र आईलाच बोलायची. मी पोटात असताना आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, असं आजी म्हणायची. आई गप्प बसायची.

मग आम्ही तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ठिपक्याठिपक्यांचे पुस्तक दाखवले. ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. ताईला सगळे दिसले, मला एकच दिसला. डॉक्टरांनी सांगितले की याला रंगांधळेपणा म्हणतात, तो ग्रहणामुळे होत नाही, आणि जॉन डाल्टन या थोर शास्त्रज्ञांनाही तो होता. मग गुरुजींनी मला त्यांची माहिती सांगितली.

जॉन डाल्टन यांचा जन्म १७६६ साली इंग्लंडमध्ये ईगल्सफील्ड या खेड्यात झाला. त्यांचे वडील विणकर होते. घरची गरिबी होती. वयाच्या बाराव्या वर्षी ते चक्क शाळेत शिकवू लागले! म्हणजे आपल्या सातवीतल्या मुलाएवढे गुरुजी. पुढे १७९३ साली ते मँचेस्टर शहरात गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. त्यांनी लग्न केले नाही. सर्व पदार्थ अणूंचे बनलेले असतात हा त्यांचा सिद्धांत फार प्रसिद्ध आहे, तो मोठ्या वर्गात शिकवतात. त्यांना हवामानाचा पण नाद होता. १७८७ पासून ते रोज वहीत पाऊस, वारा, थंडी लिहून ठेवायचे. अशी ५७ वर्षे लिहिली. मरणाच्या आदल्या दिवशीही त्यांनी नोंद केली होती. मी दिवाळीच्या सुट्टीत रोजनिशी लिहायला घेतली होती, ती चार दिवस चालली.

आता डोळ्यांचे सांगतो. जेरेनियम नावाचे एक गुलाबी फूल असते. डाल्टन यांना ते दिवसा आभाळासारखे निळे दिसायचे. १७९२ साली एकदा रात्री मेणबत्तीच्या उजेडात पाहिले तर निळेपणा पार गेलेला! त्यांनी मित्रांना विचारले, तर मित्रांना फारसा फरक दिसला नाही. त्यांचा भाऊ जोनाथन याला मात्र अगदी तसेच दिसले. तेव्हा त्यांना कळले की आपली नजरच निराळी आहे. त्यांना लाल लाख आणि झाडाचे हिरवे पान एकाच रंगाचे वाटायचे. १७९४ साली त्यांनी हे सगळे मँचेस्टरच्या विद्वानांच्या सभेत वाचून दाखवले. मला तर वर्गात सांगायची पण लाज वाटत होती. ते क्वेकर पंथाचे होते आणि त्या पंथात भडक रंग चालत नसत. तरी १८३४ साली ते ऑक्सफर्डचा लालभडक झगा घालून राजापुढे गेले. त्यांना तो लाल दिसतच नव्हता!

डोळ्यातले पाणी निळे असेल म्हणून असे होते, असे त्यांना वाटायचे. मी मेल्यावर माझे डोळे तपासा, असे त्यांनी सांगून ठेवले. १८४४ साली ते वारले. रॅन्सम नावाच्या डॉक्टरांनी एक डोळा कापून पाहिला तर पाणी स्वच्छ होते. दुसऱ्या डोळ्याला मागून भोक पाडून त्यातून पाहिले तर लाल आणि हिरवा नीट दिसले. म्हणजे डाल्टन यांचा अंदाज चुकला. पण डोळ्यांचे तुकडे जपून ठेवले होते. दीडशे वर्षांनी, १९९५ साली, शास्त्रज्ञांनी त्यातला डीएनए तपासला. हिरवा रंग ओळखणाऱ्या पेशींना लागणारे जनुक त्यात नव्हतेच!

हे जनुक एक्स नावाच्या गुणसूत्रावर असते. मुलींना दोन एक्स असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. मुलांना आईकडून एक्स मिळतो आणि वडिलांकडून वाय. वायवर हे जनुक नसते. मुलीचा एक एक्स बिघडलेला असला तरी दुसरा काम करतो. मुलाला दुसरा नसतोच. म्हणून हे मुलग्यांत जास्त दिसते. डाल्टन आणि जोनाथन दोघांनाही आईकडचा बिघडलेला एक्स आला असणार.

मी घरी दोन चिंचोके घेतले आणि एकावर खडूने खूण केली. ताईने डोळे मिटून वीस वेळा एकेक उचलला. खुणेचा नऊ वेळा आला. प्रत्येक मुलाच्या वेळी पुन्हा नव्याने उचलायचे असते, म्हणून दोन्ही भावांना येऊ शकते किंवा एकालाही येत नाही.

आजीला हे समजावले तर ती म्हणाली, बघ, शेवटी तुझ्या आईकडूनच आलं ना! माझी पंचाईत झाली. मग मी सांगितले की माझा मामा टोमॅटो पिकला का हे दाबून बघतो, त्यालाही रंग कळत नाही, म्हणजे हे आजोळच्या आजीकडून आलेय. चिंचोका कुणी बघून उचलत नाही. आजी बराच वेळ चिंचोके हातात घेऊन बसली. त्यानंतर तिने ग्रहणाचे नाव काढले नाही.

मोठेपणी मला मुलगा झाला तर त्याला माझ्याकडून वाय मिळेल, म्हणून माझा रंगांधळेपणा त्याला येणार नाही. मुलीकडे मात्र माझा एक्स जाईल. ताईकडे खुणेचा चिंचोका आहे का, हे तिच्याकडे बघून कळत नाही.

ताईने माझ्या खडूंवर रंगांची नावे लिहून दिली आहेत. खालचे जेरेनियमचे फूल मी काढले आहे. ते निळे रंगवले आहे, डाल्टन यांना दिवसा दिसायचे तसे. यावेळी चुकून नाही.