एका तारखेला अख्खं नेटवर्क बदललं, पुढे थेट व्हाइट हाऊसशी गाठ पडली. जॉन पोस्टेल यांची गोष्ट

तारीख १ जानेवारी १९८३. जग नवीन वर्षाच्या पार्टीतून उठत होतं, पण अमेरिकेतले काही शे कॉम्प्युटर सांभाळणारी मंडळी टेन्शनमध्ये होती. त्या दिवसापासून आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट एनसीपी ही जुनी भाषा सोडून टीसीपी/आयपी ही नवी भाषा बोलणार होतं. ज्याची तयारी झाली नाही, तो नेटवर्कच्या बाहेर.

या बदलाचा आराखडा लिहिला होता जॉन पोस्टेल यांनी. लांब दाढी, पायात सँडल आणि प्रसिद्धीचा तिटकारा, अशी त्यांची ओळख.

वहीतून सुरू झालेला कारभार

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. पुढे इंटरनेटचे जनक म्हणून गाजलेले व्हिंट सर्फ त्यांच्याच शाळेचे विद्यार्थी. १९६९ मध्ये अर्पानेटचा पहिला संदेश लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून गेला, तेव्हा पोस्टेल तिथेच शिकत होते.

नेटवर्कवर कोणत्या कामाला कोणता नंबर, याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी होती. ते काम पोस्टेल यांनी अंगावर घेतलं. सुरुवातीला एका वहीत चालणारी ही नोंद पुढे आयाना म्हणजे इंटरनेटचे नंबर वाटणारी व्यवस्था बनली. नेटवर्कचे नियम ज्या दस्तऐवजांत लिहिले जातात, त्या आरएफसी मालिकेचं संपादनही त्यांनी जवळपास तीन दशकं केलं.

टीसीपी आणि आयपी वेगळे का झाले?

सुरुवातीला टीसीपी एकटाच दोन कामं करत होता. १९७७ मध्ये पोस्टेल यांनी हे चुकतंय असं ठामपणे मांडलं. पत्र योग्य पत्त्यावर नेणं हे एक काम आणि सगळी पानं क्रमाने पोहोचली का हे तपासणं हे दुसरं. पहिलं काम आयपीकडे गेलं, दुसरं टीसीपीकडे राहिलं. सप्टेंबर १९८१ मध्ये पोस्टेल यांनी संपादित केलेले दोन्हींचे नियम प्रसिद्ध झाले. आजही इंटरनेट याच पायावर उभं आहे.

स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं स्वीकारताना सांभाळून घ्या, हे त्यांचं तत्त्वही गाजलं. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळली. पण चुकीचा डेटा चालवून घेण्याच्या याच सवयीतून हॅकर्सना वाट मिळते, असं आज सुरक्षेवर काम करणारे अनेक जण म्हणतात. हा वाद अजून मिटलेला नाही.

लोकांना बदलायला लावलं कसं?

नोव्हेंबर १९८१ मध्ये पोस्टेल यांनी बदलाचं वेळापत्रक दिलं. लोकांनी चालढकल केली. मग १९८२ च्या मध्यात एक दिवस जुनी भाषा मुद्दाम बंद करण्यात आली. काही महिन्यांनी परत दोन दिवस. बोंबाबोंब झाली, पण हे लोक खरंच बंद करणार, हे सगळ्यांना कळलं. १ जानेवारीनंतरही काही ठिकाणी गाडी अडखळत राहिली, पण नेटवर्क मागे वळलं नाही.

आणि मग १९९८ उजाडलं

तोवर डॉटकॉम नावांचा धंदा झाला होता. १९९५ पासून नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी अमेरिकी सरकारच्या करारावर नावांसाठी वर्षाला ५० डॉलर घेत होती. इंटरनेटची मुख्य यादी कुणाच्या ताब्यात असावी, यावर भांडण पेटलं.

२८ जानेवारी १९९८ ला पोस्टेल यांनी रूट सर्व्हर चालवणाऱ्या आठ जणांना मेल केला. यादी त्या कंपनीऐवजी आपल्या सर्व्हरवरून घ्या, एवढंच सांगितलं. आठही जणांनी ऐकलं. त्यांच्याकडे ना कायद्याचा अधिकार होता, ना पोलीस. होता फक्त वर्षानुवर्षांचा विश्वास.

सर्वसामान्य वापरकर्त्यांना काहीच जाणवलं नाही, पण व्हाइट हाऊस हादरलं. क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी फोन केला. ही फक्त चाचणी होती, असं सांगून पोस्टेल यांनी सगळं पूर्ववत केलं. एका माणसाच्या शब्दावर इंटरनेट चालण्याचे दिवस संपले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हे काम सांभाळायला आयकॅन ही संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत पोस्टेल स्वतः होते.

पण तिचा कारभार त्यांना फार दिवस पाहता आला नाही. १६ ऑक्टोबर १९९८ ला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे त्यांचं निधन झालं. वय अवघं ५५.

आज काय?

आयपीच्या जुन्या आवृत्तीत सुमारे ४३० कोटीच पत्ते आहेत. वाटायचे शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये संपले. त्यावरचा उपाय असलेल्या आयपीव्ही६ चे नियम १९९५ मध्येच, पोस्टेल संपादक असताना आले होते. मोबाइल कंपन्यांमुळे भारत त्याच्या वापरात आघाडीवर आहे. तरीही जगाचा बदल अजून पूर्ण झालेला नाही.

कारण १ जानेवारी १९८३ सारखी तारीख आता कुणीच देऊ शकत नाही. यंत्रं अब्जावधी झाली आणि सगळे ज्याचं ऐकतील असा माणूस उरला नाही.