पावलोव्ह आणि भित्र्या कुत्र्यांचे कोडे

इव्हान पावलोव्ह हे नाव निघाले की घंटा वाजताच लाळ गाळणारा कुत्रा आठवतो. पण आयुष्याच्या उत्तरार्धात या शास्त्रज्ञाला आणखी एका प्रश्नाने गुंतवून ठेवले होते. एक कुत्रा धीट आणि दुसरा भित्रा का असतो? तो तसाच जन्माला येतो, की वाढवणारे त्याला तसे घडवतात?

पावलोव्ह यांचा जन्म १८४९ मध्ये रशियातील रियाझान येथे एका धर्मगुरूच्या घरी झाला. त्यांचे सुरुवातीचे शिक्षणही धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातच झाले. पण विज्ञानाच्या ओढीने त्यांनी ती वाट सोडली आणि १८७० मध्ये सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठ गाठले. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. याच कामातून शिकलेल्या प्रतिक्षिप्त क्रियांचा अभ्यास सुरू झाला. अन्नाआधी दर वेळी ठरावीक आवाज ऐकवला, की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटे.

मात्र सगळी कुत्री सारखी शिकत नसत. काही पटकन शिकत, काही चवताळत, तर काही सतत दबून राहत. गंमत म्हणजे बाहेर उड्या मारणारी चपळ कुत्री प्रयोगाच्या एकसुरी वातावरणात चक्क पेंगू लागत. पावलोव्ह यांनी मज्जासंस्थेची ताकद, समतोल आणि चपळता या तीन कसोट्या लावून कुत्र्यांचे चार प्रकार पाडले. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस याच्या नावाशी जोडलेल्या चार मानवी स्वभावांशी त्यांनी या प्रकारांची सांगड घातली. या वर्गीकरणात भित्रा कुत्रा म्हणजे जन्मतः दुबळ्या मज्जासंस्थेचा कुत्रा, असे ते सुरुवातीला मानत.

सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला महापुराने वेढले. पावलोव्ह यांच्या कुत्र्यांच्या कोठड्यांत पाणी शिरले आणि त्यांना लहान लहान गटांनी पोहवत प्रयोगशाळेत आणावे लागले. त्यानंतर काही कुत्री शिकलेले सारे विसरली. त्यांतले एक हळूहळू सावरले, पण दाराखालून पाण्याची बारीक धार येताना दिसताच पुन्हा बिथरले. बाकीच्या कुत्र्यांवर मात्र पुराचा असा परिणाम दिसला नाही. संकट एकच असले तरी ते झेलण्याची ताकद वेगवेगळी होती.

आनुवंशिकतेचा शोध सरळ रेषेत झाला नाही. १९२३ मध्ये पावलोव्ह यांनी एका सहकाऱ्याच्या प्रयोगावरून जाहीर केले, की शिकलेली गोष्टही पुढच्या पिढीत उतरते. पहिल्या पिढीतील उंदरांना घंटेचा अर्थ कळायला ३०० वेळा शिकवावे लागले होते, पाचव्या पिढीला फक्त ५ वेळा. इतर शास्त्रज्ञांनी शंका काढली, की कदाचित उंदरांपेक्षा शिकवणाराच अधिक तरबेज झाला असावा. पुढे हे निष्कर्ष टिकले नाहीत आणि १९२७ मध्ये पावलोव्ह यांनी आपला दावा जाहीरपणे मागे घेतला.

भित्र्या कुत्र्यांचे कोडे सुटू लागले ते लेनिनग्राडजवळच्या कोल्तुशी येथील केंद्रात. तिथे त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच वेताच्या पिल्लांचे दोन गट केले. एक गट मोकळ्यावर वाढला, दुसरा पिंजऱ्यात बंद राहिला. मोठेपणी पिंजऱ्यातली कुत्री जराशा आवाजाने दचकत, अनोळखी माणूस दिसताच अंग चोरत. पण कसोट्या लावल्यावर दिसले, की भित्रेपणा आणि दुबळी मज्जासंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजबूत मज्जासंस्थेचे कुत्रेही कोंडून वाढवले तर भेदरट होते.

ऐंशी ओलांडलेल्या पावलोव्ह यांनी आपली मांडणी बदलली. जन्मजात प्रकार आणि जगताना घडलेला स्वभाव या दोन गोष्टी ते वेगळ्या मानू लागले. कोल्तुशीच्या आवारात त्यांनी आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचा पुतळाही उभारला. हे संशोधन अर्धवट असतानाच २७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

पुढच्या संशोधनाने या चित्रात भर घातली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासात वागणुकीतील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरकांचा उलगडा जातीवरून झाला. याचा अर्थ जनुकांना महत्त्व नाही, असा नव्हे. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांतही आनुवंशिक फरक असतोच. पण केवळ जात पाहून स्वभावाची हमी देता येत नाही. पिल्लाच्या वयाचा साधारण तिसरा ते चौदावा आठवडा फार मोलाचा असतो. या काळात माणसे, आवाज, इतर प्राणी यांची प्रेमाने आणि हळूहळू ओळख झाली, तर पुढची भीती पुष्कळ टळते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत ही ओळख कशी करून द्यावी, हे पशुवैद्याला विचारावे. घरातले एखादे कुत्रे पलंगाखाली दडून बसत असेल, तर ते मुळातच तसे आहे असे म्हणण्याआधी त्याचे पहिले काही महिने कसे गेले, याची चौकशी करावी.