झारविरुद्ध रशिया का उठला? – रोझा लक्झेंबुर्ग यांचे चरित्र



रशियाची जनता आपल्या झारविरुद्ध का उठली, हे समजून घेण्यासाठी आम्ही आज जर्मनीत राहिलेल्या एका विदुषीची ओळख करून देत आहोत. त्यांचे नाव रोझा लक्झेंबुर्ग.

रोझाबाईंचा जन्म १८७१ साली पोलंडमधील एका ज्यू कुटुंबात झाला. पोलंडचा तो भाग तेव्हा झारच्या ताब्यात होता. बालपणीच्या दुखण्यामुळे त्या जन्मभर किंचित लंगडत चालत. वॉर्सा शहरातील त्यांच्या शाळेत सारे शिक्षण रशियन भाषेतून होई आणि मुलींना आपसांतही पोलिश बोलण्याची बंदी होती. ज्या राज्यात मायबोली हाच गुन्हा ठरतो, त्या राज्याविषयी मुलांच्या मनात माया कशी उपजावी? आपल्या आजी-आजोबांची भाषा जपणाऱ्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको.

पोलिसांच्या भीतीने त्या १८८९ साली स्वित्झर्लंडला गेल्या. झुरिच येथे १८९७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १८९८ साली बर्लिनमध्ये येऊन जर्मन कामगारांच्या पक्षात काम सुरू केले.

२२ जानेवारी १९०५, रविवार. सेंट पीटर्सबर्गचे हजारो कामगार बायकामुलांसह, देवाच्या तसबिरी आणि झारचे चित्र घेऊन राजवाड्याकडे निघाले. हाती शस्त्र नव्हते, होता फक्त विनंतीअर्ज. आठ तासांचा दिवस, रास्त मजुरी आणि निवडून दिलेली सभा, एवढेच मागणे. उत्तर मिळाले बंदुकीच्या गोळ्यांनी. झार हा आपला मायबाप, ही श्रद्धा त्या दिवशी मेली.

निमित्त लहान होते. एका कारखान्यातून चार कामगारांना काढून टाकले होते. पण दारू आधीच साठलेली होती. शेतकरी १८६१ साली वेठबिगारीतून सुटले, तरी जमिनीचे हप्ते फेडता फेडता पिढ्या खपल्या. कारखान्यात दिवस मोठा, मजुरी तुटपुंजी. संप करणे गुन्हा, लोकांची संसद नाही. त्यात जपानशी युद्ध आणि पराभव.

जर्मनीतील अनेक कामगार पुढारी म्हणत, आधी संघटना भक्कम करू, मग संपाचे पाहू. रोझाबाईंना ते पटेना. १९०५ च्या अखेरीस त्या दुसऱ्या नावाने वॉर्साला गेल्या, मार्च १९०६ मध्ये पकडल्या गेल्या. जामिनावर सुटल्यावर त्यांनी संपांवर पुस्तिका लिहिली. उठाव कोणी हुकूम देऊन घडवीत नाही. भाकरीची लढाई आणि हक्कांची लढाई एकमेकींना बळ देतात, आणि लढता लढताच माणसे संघटित होतात, हे त्यांचे सांगणे. आपल्या मॉरिशसमध्ये १९३७ साली उसाचा भाव कापला गेला आणि मजुरी पुरेना, तेव्हा ऊसमळ्यांत हेच दिसले.

१९०७ साली श्टुटगार्ट येथील आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेला त्या हजर होत्या. मादाम कामा यांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला तो याच परिषदेत. त्याच वर्षापासून महायुद्ध सुरू होईपर्यंत त्या बर्लिनमध्ये पक्षाच्या शाळेत अर्थशास्त्र शिकवीत. तयार उत्तरे न देता, प्रश्न विचारून विद्यार्थ्यांनाच विचार करायला लावीत. आम्हां शिक्षकांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

१९१४ च्या युद्धाला विरोध केल्यामुळे युद्धाचा बहुतेक काळ त्यांनी तुरुंगात काढला. तेथेच १९१७ ची बातमी आली : पेट्रोग्राडमध्ये महिला दिनी भाकरीसाठी बायका रस्त्यावर उतरल्या आणि आठवड्याभरात झार पदच्युत झाला. रोझाबाईंना आनंद झाला. पण पुढे लेनिनच्या सरकारने विरोधकांची तोंडे बंद केली, तेव्हा त्यांनी कोठडीतूनच त्यावर टीका लिहिली. वेगळे मत असणाऱ्यालाही बोलता आले पाहिजे, नाहीतर ते स्वातंत्र्य कसले, असा त्यांचा आग्रह होता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्या सुटल्या. १५ जानेवारी १९१९ रोजी बर्लिनमध्ये सैनिकांनी त्यांना ठार मारून प्रेत कालव्यात टाकले. वय अवघे सत्तेचाळीस.

झारची सत्ता एका रात्रीत कोसळली नाही. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला तिने ऐकून घेतले नाही, म्हणून ती कोसळली. राज्य राजाचे असो वा क्रांतिकारकांचे, ऐकून घेणे त्याला चुकत नाही. रोझाबाईंनी दोघांनाही हेच सांगितले, आणि आम्हांला त्यांचे मोठेपण त्यातच दिसते.