बंदूक काढून घेतली, लेखणी कशी काढून घेणार?

क्रांती चौकात मोर्चासाठी जमणाऱ्या आपल्या किती तरुणांना ठाऊक आहे, की या चौकाच्या नावामागे शिपायांचे रक्त आहे? १८५७ साली औरंगाबादच्या छावणीतील घोडदळाच्या शिपायांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले आणि इथल्या काळ्या चबुतऱ्यावर त्यांना देहदंड देण्यात आला. तो इतिहास या चौकाने जपला, हे योग्यच झाले. पण त्याच १८५७ नंतर इंग्रजांनी लष्कराची जी फेररचना सुरू केली, तिची किंमत पुढे आपल्या पूर्वजांना मोजावी लागली. ही गोष्ट मात्र कोणत्याही चौकात लिहिलेली नाही. ती ज्यांनी अर्जाच्या कागदावर मांडली, ते गोपाळबाबा वलंगकर.

गोपाळबाबांचा जन्म १८४० च्या सुमारास महाडजवळच्या रावढळ गावी एका महार कुटुंबात झाला. त्या काळी गावात महाराच्या वाट्याला होती वेठबिगार आणि वेशीबाहेरची वस्ती. पलटणीत गेलेल्या माणसाला मात्र पगार मिळे, गणवेश मिळे आणि सर्वांत मोलाचे म्हणजे अक्षर मिळे. लष्करात शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलामुलींसाठी शाळा असत. मनूने नाकारलेली पाटी-पेन्सिल आपल्या लोकांच्या हाती आली ती छावणीत. गोपाळबाबा याच शाळेचे फळ.

१८८६ च्या सुमारास निवृत्त होऊन ते दापोलीला स्थायिक झाले. तिथे निवृत्त शिपायांची मोठी वस्ती होती. निवृत्तिवेतन घ्यावे, घर बांधावे, मुलांची लग्ने लावावीत, असे सरळ आयुष्य त्यांना जगता आले असते. पण महात्मा जोतीराव फुले यांच्या विचाराने ते पेटले होते. ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’मधून त्यांनी अस्पृश्यतेवर लेख लिहिले. १८८८ साली त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध झाले. विटाळ कोणी निर्माण केला, त्याला आधार कोणता, असा जाब एका अस्पृश्याने छापील अक्षरांत विचारावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. लोकांना समजावे म्हणून त्यांनी पद्यरचनाही केली.

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. काही जाती लढवय्या आणि काही नाहीत, असे नवे शास्त्र साहेबांनी शोधून काढले होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढून पडलेल्यांची नावे विजयस्तंभावर कोरणारे सरकार आता त्यांच्याच नातवंडांना लढण्यास नालायक ठरवत होते! भरती बंद म्हणजे केवळ नोकरी बंद नव्हे. पगार गेला, शाळा गेली, वेशीबाहेरून सुटण्याची एकमेव वाट गेली.

गोपाळबाबांनी स्थापन केलेल्या अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने १८९४ साली या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार झाला. त्यात महार हे मूळचे क्षत्रिय, असा दावा होता. मंडळीच्या नावात ‘अनार्य’ आणि अर्जात ‘क्षत्रिय’, ही विसंगती अभ्यासकांना खटकते. आम्ही वकिली करणारी माणसे आहोत, आम्हाला ती तेवढी खटकत नाही. अर्जदार समोरच्याला कळेल त्या भाषेत बोलतो आणि पर्यायी मुद्दे मांडून ठेवतो. सरकार वंश पाहून भरती करत होते, म्हणून त्यांनी वंशाचा मुद्दा घेतला. वंशाची ही कसोटीच मोडून माणूस म्हणून हक्क मागण्याचे काम पुढे बाबासाहेबांनी केले.

१८९५ साली गोपाळबाबांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. एक महार आपल्याबरोबर सभासद म्हणून बसणार, या कल्पनेने सवर्ण सभासद बिथरले. वर्तमानपत्रांतून वाद रंगला. १९०० साली रावढळलाच गोपाळबाबांचे निधन झाले.

भरतीबंदी त्यांच्या हयातीत उठली नाही. पण अर्ज निकाली निघाला नाही म्हणून मागणी मरत नाही. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली तीच मागणी थेट भारतमंत्र्यांपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली, युद्धानंतर ती मोडली गेली आणि अखेर १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली. ज्या महाडच्या बोर्डात गोपाळबाबांची खुर्ची सलत होती, त्याच महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

आज ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत आपल्याला राखीव जागा आहेत. तरीही राखीव जागेवरच्या सरपंचाला खुर्चीवर बसू न देणे, झेंडावंदनाला बाजूला सारणे, असे प्रकार देशात घडतच असतात. १८९५ चा वाद अजून संपलेला नाही, तो आता आपल्या अंगणात आला आहे. अशा वेळी लढायचे कोणी? रोजंदारीवर पोट असणाऱ्याने, की ज्याच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला पेन्शन जमा होते त्याने?

गोपाळबाबांनी ज्या सरकारचे निवृत्तिवेतन घेतले, त्याच सरकारला जाब विचारला. नोकरीने दिलेले अक्षर आणि स्थैर्य त्यांनी समाजासाठी खर्च केले. आपल्या वस्त्यांमध्ये आज निवृत्त शिक्षक, कारकून, अधिकारी, जवान कितीतरी आहेत. त्यातल्या प्रत्येकाने आपल्या भागातील एका माणसाचा एक अर्ज लिहून द्यावा आणि त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करावा. या शिपायाला तीच खरी मानवंदना ठरेल.